गाडी चालू झाली म्हणजे हीटर चालतो?

विनिपेगमध्ये जानेवारीतल्या रात्री पारा सरासरीनेच उणे वीसच्या खाली जातो. शहरात नोंदलेला नीचांक उणे ४७.८ अंशांचा आहे, २४ डिसेंबर १८७९ चा. त्या काळी इथे मोटारी नव्हत्या, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. आता आहेत, आणि हिवाळ्यात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेचा एक प्लग लोंबत असतो. पुण्या-मुंबईहून पहिल्यांदा आलेले आईवडील तो पाहून विचारतात, "इथे सगळ्या गाड्या विजेवर चालतात का रे?"

मग ब्लॉक हीटर समजावून सांगावा लागतो. इंजिनाच्या ओतीव ब्लॉकला बाजूने काही गोल भोकं असतात आणि ती पातळ धातूच्या बुचांनी बंद केलेली असतात. बऱ्याच गाड्यांत त्यातलं एक बूच काढून तिथे साधारण चारशे ते हजार वॉटचं एलिमेंट बसवतात. ते कूलंटमध्ये बुडालेलं राहतं. रात्री गाडी घराच्या सॉकेटला जोडली की कूलंट तापतं, त्याच्याबरोबर ब्लॉक तापतो आणि सकाळी सेल मारल्यावर इंजिन फारशी कुरकुर न करता उठतं.

अडचण एवढीच की या हीटरला ना दिवा असतो, ना डॅशबोर्डवर त्याचं काही चिन्ह उमटतं. तो चालू असला काय, जळून गेलेला असला काय, बाहेरून सगळं सारखंच दिसतं. मग तो चालतो की नाही हे ओळखायचं कसं, आणि मुळात ओळखायची गरज आहे का, यावर इथल्या मराठी घरांत दरवर्षी दिवाळीच्या फराळाबरोबर वाद होतो. खालचा संवाद मी जुळवून लिहिला आहे. सुलभाकाकू मूळच्या साताऱ्याच्या, निवृत्त नर्स, रात्रपाळ्या करत आयुष्य गेलेल्या. मंदार चाकणला इंजिनांच्या चाचणी विभागात काम करून आलेला, त्याचा इथला हा दुसरा हिवाळा.

मंदार: काकू, त्यात तपासायचं काय? मागच्या हिवाळ्यात रोज रात्री प्लग लावला, रोज सकाळी गाडी चालू झाली. म्हणजे हीटर चालतोय.

काकू: गाडी चालू झाली, एवढंच कळलं तुला. हीटर चालला हे कशावरून? बॅटरी चांगली असली तर मायनस वीसलासुद्धा गाडी हीटरशिवाय उठते.

मंदार: अहो, मीही तेच म्हणतोय. हीटरशिवाय उठते, तर मग हीटरचं एवढं कौतुक कशाला? ही सोय कार्बोरेटरच्या आणि जाड ऑइलच्या जमान्यातली. आता फ्युएल इंजेक्शन आहे. माझ्या गाडीत ०डब्ल्यू-२० ऑइल आहे. त्यातलं शून्य आणि डब्ल्यू हिवाळ्यासाठीच असतं. हे ऑइल मायनस पस्तीसला सेल मारण्यासाठी आणि मायनस चाळीसला पंपातून खेचण्यासाठी तपासून मगच बाजारात येतं.

काकू: तपासून येतं म्हणजे मायनस पस्तीसला ते पाण्यासारखं वाहतं का?

मंदार: पाण्यासारखं नाही. त्या तापमानाला ६२०० मिलिपास्कल-सेकंदांपर्यंत घट्टपणा चालतो.

काकू: आणि पाण्याचा किती?

मंदार: साध्या तापमानाला एक.

काकू: म्हणजे सहा हजार पट! आणि हे पास झालेलं ऑइल.

मंदार: ती वरची मर्यादा आहे, काकू. आणि दुसरी गोष्ट, लोक रेडिओवर मायनस चाळीस ऐकून घाबरतात. बरेचदा तो विंडचिलचा आकडा असतो, माणसाच्या कातडीला जाणवणारा. इंजिनाला कातडी नाही. हवा मायनस अठ्ठावीस असेल तर वाऱ्याने इंजिन लवकर गार पडेल, पण मायनस अठ्ठावीसच्या खाली जाणार नाही.

काकू: हे मात्र तू बरोबर बोललास. आमच्या शेजारचे विंडचिल बघून हीटर लावतात. पण थर्मामीटरच मायनस पस्तीस दाखवतो असे दिवस इथे येतात की नाही? त्या दिवशी तुझी बॅटरी काय करणार? तिची ताकद कोणत्या तापमानाला मोजतात, ते तुलाच माहीत असेल.

मंदार: बॅटरीवर जो सीसीएचा आकडा असतो तो मायनस अठराला मोजलेला असतो. तीस सेकंद तेवढा करंट द्यायचा आणि व्होल्टेज ७.२ च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

काकू: म्हणजे मायनस पस्तीसला तिची ताकद आकड्याहून कमी आणि इंजिन फिरवायला लागणारा जोर मात्र जास्त. हीटर बॅटरीला ऊब देत नाही, हे मला माहीत आहे. पण तिच्यावरचं ओझं तो कमी करतो. आणि गंमत बघ. वर्षातले बरेचसे दिवस हीटर गेलेला असला तरी चालून जातं. ज्या चार दिवशी त्याच्यावाचून अडतं, नेमकं त्याच दिवशी कळतं की तो गेलाय. त्या दिवशी अर्धं शहर अडकलेलं असतं आणि बूस्ट द्यायला येणाऱ्या गाडीची वाट बघत तू पार्किंगमध्ये कुडकुडत उभा. आमच्या वॉर्डात ऑक्सिजनचा सिलिंडर पाळी सुरू होतानाच बघायचा असा नियम होता. पेशंट धापा टाकायला लागल्यावर नाही.

इथे मी काकूंच्या बाजूने आहे. मंदारचा मुद्दा चुकीचा नाही. नवी गाडी, चांगलं ऑइल आणि चांगली बॅटरी असली तर हीटरवाचून बराच हिवाळा निघतो. पण त्यामुळेच "गाडी चालू झाली" हा पुरावा निरुपयोगी ठरतो. शिवाय इंजिन उठण्यापलीकडेही हीटरचं काम असतं. गार इंजिन पहिले काही किलोमीटर जास्त पेट्रोल पितं. उणे वीसला ब्लॉक हीटर वापरल्याने एकूण इंधन दहा टक्क्यांपर्यंत वाचू शकतं, असं नॅचरल रिसोर्सेस कॅनडा हे सरकारी खातं सांगतं. बंद पडलेल्या हीटरची किंमत लोक हिवाळाभर पंपावर मोजत राहतात आणि दोष थंडीला देतात.

मंदार: बरं, तपासू या. कसं तपासता तुम्ही?

काकू: सोपं आहे. रस्ता शांत असताना, गार पडलेल्या गाडीला प्लग लावायचा आणि जाळीजवळ कान न्यायचा. थोड्या वेळात आतून बारीक सूंसूं ऐकू येतं, मधूनच तडतड. एलिमेंटला चिकटलेलं कूलंट उकळायला लागतं, त्याचा आवाज. माझी सगळी वर्षं या कानावर गेली.

मंदार: आणि आवाज आला नाही तर?

काकू: तर गेला असं समजायचं.

मंदार: तिथेच घोटाळा आहे. सगळेच हीटर कूलंटमध्ये बुडालेले नसतात. काही गाड्यांत ब्लॉकच्या कोरड्या भोकात बसणारी कांडी असते, काहींत ऑइल पॅनला खालून चिकटवलेला पॅड असतो. ते काही बोलणार नाहीत. दुसरं म्हणजे सॉकेटमध्येच वीज नसेल. तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये खांबांवर सॉकेट आहेत ना? अशा बऱ्याच ठिकाणी वीज वाचवायला पुरवठा थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद ठेवतात. काही ठिकाणी ठरावीक तापमानाच्या खाली गेल्याशिवाय देतच नाहीत. तुम्ही कान लावलात तेव्हा नेमकी वीज बंद असली तर चांगल्या हीटरला जळका ठरवाल.

काकू: मग आधी टेबल लॅम्प लावून सॉकेट बघायचं. त्याला काही इंजिनिअर लागत नाही.

मंदार: मान्य. पण हीटरसाठी मीटरच हवा. मल्टिमीटर आहे का घरात?

काकू: यांचा आहे. गॅरेजमध्ये, खिळ्यांच्या डब्यात.

आता मंदार रंगात येतो. त्याची पद्धत सविस्तर देतो, कारण ती स्वस्त आहे, दहा मिनिटांची आहे आणि हिवाळ्याची वाट न बघता ऑक्टोबरच्या उन्हात करता येते.

मंदार: गाडीचा प्लग भिंतीतून काढलेला असला पाहिजे, हे पहिलं. मीटर ओहमवर ठेवायचा आणि त्याची दोन टोकं प्लगच्या दोन चपट्या पिनांना लावायची. आता हिशोब करा. इथली वीज १२० व्होल्टची. व्होल्टचा वर्ग भागिले वॉट म्हणजे रोध. १२० चा वर्ग १४,४००. चारशे वॉटचा हीटर असेल तर ३६ ओहम यायला हवेत, सहाशेचा असेल तर २४, साडेसातशेचा असेल तर १९ च्या आसपास. एकदोन ओहम इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही.

काकू: माझा किती वॉटचा आहे, मला काय माहीत?

मंदार: गाडीच्या पुस्तकात असतं, नाहीतर कॉर्डवरच्या लेबलवर. नाहीच सापडलं तरी पंधरा ते चाळीस ओहमच्या मध्ये काही आलं तर एलिमेंट शाबूत आहे असं समजा. मीटरने ओएल दाखवलं तर कुठेतरी तार तुटली. जवळजवळ शून्य दाखवलं तर आत शॉर्ट आहे, तो प्लग भिंतीत घालायचाच नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात. एकेक चपटी पिन आणि खालची गोल अर्थची पिन यांच्यामध्येही मोजायचं. तिथे मात्र ओएलच आलं पाहिजे. आकडा आला तर वीज गाडीच्या सांगाड्यात उतरते आहे.

काकू: आमच्या घराबाहेरचं सॉकेट अधूनमधून आपोआप उडायचं. मी पावसाला दोष देत होते.

मंदार: ते सॉकेट वीज गळतीवर उडणारं असणार. ते उडतं म्हणजे त्याचं काम करतंय. दरवेळी बटण दाबून परत चालू करण्याआधी कॉर्ड बघा.

काकू: आणि ओएल आलं म्हणजे हीटर बदलायचा? ते एलिमेंट इंजिनाच्या पार मागे असतं. मेकॅनिक कूलंट काढणार, तासांवर पैसे लावणार.

मंदार: थांबा, घाई नको. कॉर्ड आणि एलिमेंट दोन वेगळे भाग असतात. गाडीखालून किंवा बोनेट उघडून हात पोचत असेल तर कॉर्ड एलिमेंटवरून ओढून काढायची आणि दोन्ही वेगवेगळे मोजायचे. आधी जाते ती बहुतेक कॉर्डच. तिचं टोक बंपरपाशी लोंबतं, त्याच्यावर रस्त्यावरचं मीठ आणि चिखल उडतो, पिना गंजतात. उंदीर कुरतडतात. आणि विसरून गाडी मागे घेणारे…

काकू: बघितलेत. भिंतीपासून दहा फूट एक्स्टेंशन ओढत नेणारे.

मंदार: कॉर्ड एकटी बदलता येते आणि ते काम बरंच स्वस्तात होतं. पण ओएल आलं म्हणून कॉर्डलाही लगेच दोष देऊ नका. काही डिझेल पिकअपच्या कॉर्डमध्येच थर्मोस्टॅट असतो. बाहेर मायनस अठराच्या आसपास गार झाल्याशिवाय तो जोडणीच करत नाही. ऊबदार गॅरेजमध्ये मोजलंत तर चांगली कॉर्डही तुटलेली दिसेल. अशी गाडी थंडीतच मोजायची.

काकू: म्हणजे तुझा मीटरही खोटं बोलतो.

मंदार: मीटर खरंच बोलतो, पण विचारलं तेवढंच सांगतो. रोध बरोबर आहे म्हणजे तार सलग आहे. प्लग भिंतीत गेल्यावर प्रत्यक्ष किती वीज ओढली जाते, हे वॉट मोजणाऱ्या छोट्या मीटरने बघायचं. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये तो लावला की आकडा दिसतो. चारशेच्या हीटरवर चारशेच्या जवळपास दिसलं तर प्रश्नच मिटला. शून्य दिसलं तरीही मिटला. फक्त ते मीटर बहुधा घरातल्या वापराचे असतात, तेव्हा तेवढ्यापुरता लावून काढून घ्यायचा, बर्फात रात्रभर ठेवायचा नाही.

काकू: आणि माझा कान?

मंदार: कान राहू द्या की. आवाज आला तर हीटर तापतोय, हे पक्कंच. नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

काकूंना हे पटलं की नाही, सांगणं कठीण आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून तरी वाटलं नाही. मला विचाराल तर वॉटमीटरचा आकडा हाच यातला निर्णायक पुरावा, आणि ओहमची मोजणी हा हिवाळ्याआधीचा चांगला अंदाज. मंदारने आणखी एक उपाय सुचवला होता. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला छोटा रीडर लावायचा, इंजिन चालू न करता फक्त इग्निशन द्यायचं आणि फोनवर कूलंटचं तापमान वाचायचं. रात्रभर हवा उणे पंचवीस असताना कूलंट शून्याच्या वर दिसलं तर ऊब कुठून आली हे विचारायला नको. मात्र इंजिन बंद असताना पंप फिरत नाही. सेन्सर एलिमेंटपासून लांब असेल तर त्याच्यापर्यंत ऊब उशिरा आणि कमी पोचते. म्हणून कमी आकडा पाहून निकाल देऊ नये.

या उपकरणाचा जन्म विनिपेगपासून फार लांब झालेला नाही. दक्षिणेला सीमेपलीकडे, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर नॉर्थ डकोटातलं ग्रँड फोर्क्स आहे. तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी आत गरम होणारा पोकळ बोल्ट बसवायची युक्ती काढली. त्याचं पेटंट त्यांना नोव्हेंबर १९४९ मध्ये मिळालं. वीज विकणाऱ्याच्या डोक्यात अशी कल्पना यावी यात नवल नाही. त्या भागातले जुने लोक आजही कुठल्याही ब्लॉक हीटरला हेडबोल्ट हीटरच म्हणतात.

काकू: विजेवरून आठवलं. रात्री आठला लावून सकाळी सहाला काढते मी. दहा तास. उगाच जळते का रे?

मंदार: चारशे वॉट, दहा तास, चार युनिट. इथे युनिट दहा सेंटांच्या आसपास पडतं. म्हणजे रात्रीचे चाळीस सेंट.

काकू: महिन्याचे बारा डॉलर.

मंदार: त्यातले बरेचसे वाया जातात. तीन-चार तासांत ब्लॉक जेवढा तापायचा तेवढा तापतो. पुढे जेवढी ऊब आत जाते तेवढीच बाहेर निसटते. सरकारी सल्ला तर निघायच्या दोन तास आधी चालू करा असा आहे. बाहेर वापरायचा टायमर घ्या आणि पहाटे साडेतीनला लावा. तीन तास धरले तरी बारा सेंट.

काकू: टायमर बंद पडला तर?

मंदार: काकू!

काकू: विचारलं फक्त. बरं, माझा भाचा सैन्यात आहे, लेहला होता. तो सांगायचा, तिकडे सकाळी ट्रकखाली शेगडी पेटवतात. तिथे हे हीटर का लावत नाहीत?

मंदार: ट्रकच्या टाकीखाली जाळ करतात तो बहुतेक डिझेलसाठी. थंडीत डिझेलमधलं मेण धरतं, फिल्टर तुंबतो. ब्लॉक हीटर त्याला काही करू शकत नाही, तो इंजिन तापवतो, टाकी नाही. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते मायनस तेहतीसपर्यंत वाहतं राहतं. आणि ब्लॉक हीटरला रात्रभर भरवशाची वीज लागते, गाडी उभी असेल त्या जागी. खिंडीत कुठून आणणार?

काकू: म्हणजे तुझ्या मते हीटर म्हणजे सगळ्यावरचं औषध नाही.

मंदार: नाहीच. बॅटरी गेलेली असेल, डिझेल गोठलं असेल, कूलंट पातळ झालं असेल, तर हीटर उपयोगाचा नाही. कूलंटचंही बघा. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण मायनस सदतीसपर्यंत टिकतं. नुसतं पाणी ओतत गेलात तर आतच बर्फ होईल, आणि मग हीटर तपासायचं कारणच उरणार नाही.

काकू: मागच्या वर्षी हाच मंदार म्हणाला होता, हीटरची गरज नाही.

मंदार: आजही म्हणतो. मायनस पंधरापर्यंत गरज नाही. पण असलाच तर चालणारा असावा.

एक्स्टेंशनबद्दल दोघांचं एकमत झालं, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. घरातली बारीक वायर बाहेर काढायची नाही. बाहेरच्या वापरासाठीची, थंडीत न ताठरणारी, जाड तारेची आणि तीन पिनांची घ्यायची. प्लग काढल्यावर हात लावून बघायचा. तो चांगलाच गरम लागला तर पिना सैल आहेत किंवा गंजल्या आहेत आणि आग लागण्याची शक्यता तिथेच आहे. कॉर्डच्या दोषामुळे काही मोटार कंपन्यांना गाड्या परत बोलवाव्या लागल्या आहेत. म्हणून आपल्या गाडीवर असा रिकॉल आहे का, हे गाडीचा व्हीआयएन नंबर देऊन डीलरकडे एकदा विचारून घ्यावं.

प्रेअरी प्रांतांत नव्याने आलेल्या आणि सेकंडहँड गाडी घेतलेल्या वाचकांना एक सांगायचं आहे. मीटर विकत घ्यायच्या आधी जाळीमागे टॉर्च मारून बघा. टोरोंटो किंवा व्हँकुव्हरकडून आलेल्या कितीतरी गाड्यांत ब्लॉक हीटर बसवलेलाच नसतो. काही पिकअपमध्ये एलिमेंट कारखान्यातूनच असतं, पण कॉर्ड वेगळी विकत घेऊन जोडावी लागते. कधी इंजिनाची दुरुस्ती करताना काढलेली कॉर्ड परत जोडायची राहून जाते. मग प्लग जाळीतून दिमाखात लोंबतो आणि त्याचं दुसरं टोक कशालाच लागलेलं नसतं. हे सगळं ऑक्टोबरमध्ये बघा. तेव्हा गॅरेजवाल्याकडे वेळ असतो, आणि तुमची बोटं उघड्या हवेत काम करू शकतात.